माझ्या मापाचा ओटा

माझी उंची जेमतेम पावणेपाच फूट. असली बाई जगात असते, हे सरकारी क्वार्टर बांधणाऱ्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. पठाणकोट, झाशी, जबलपूर, शेवटी कलकत्ता. जाईन तिथला ओटा माझ्या छातीशी. म्हणून माहेरहून आलेला सागवानी पाट मी जन्मभर स्वयंपाकघरातच वापरला. बसायला नव्हे, उभं राहायला. बदली झाली की सगळ्यात शेवटी तो ट्रकमध्ये चढायचा आणि नव्या गावी सगळ्यात आधी उतरायचा.

नवरा लष्करात सुभेदार होता, काम गाड्या दुरुस्तीचं. निम्मी नोकरी फील्डला, म्हणजे सीमेवर गेली, आणि फील्डला फॅमिली नेता येत नाही. मी मुलीला घेऊन क्वार्टरमध्ये, हे सिक्कीममध्ये वर कुठंतरी बर्फात. तिथून फोनवर एका तळ्याचं वर्णन करायचे. सकाळी हिरवं दिसतं, दुपारी निळं, वगैरे. मी म्हणायचे, "अहो, इथं नळाला पाणी नाही, आणि तुम्ही मला तळ्याच्या गोष्टी काय सांगताय!" आता तिथं लग्नाला आठवडा झालेली पोरंपोरी फोटो काढायला जातात. मी लग्नाची बायको, मी मात्र ते पाहिलं नाही.

कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममधून रिटायर झाल्यावर आम्ही इथंच राहिलो, कारण मुलगी न्यू टाउनला नोकरीला. स्वस्थ बसतील तर ते हे कसले! एक दिवस लष्करानं मोडीत काढलेला मोठा ट्रक घेऊन आले. चारही चाकांना ताकद असलेला, कुठल्याही घाटात चढेल असा. राजारहाटच्या पुढं एका मिस्त्रीच्या आवारात तो उभा केला आणि जाहीर केलं, "याच्यावर घर बांधणार. तुला ते तळं दाखवणार."

"हॉटेलं काय ओस पडलीत?" मी म्हटलं.

"फॅमिली नेता येत नाही म्हणाले होते ना? आता अख्खं घरच नेतो. बघू कोण अडवतंय."

डोळे भरून आले, म्हणून मी कुकरकडे वळले.

मग हे रोज सकाळी डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळी ग्रीसनं माखून परत. जेवताना दुसरा विषय नाही. खोली चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला घट्ट आवळली तर खडबडीत रस्त्यावर पिळवटून फाटते, म्हणून ती स्प्रिंगांवर बसवली. पाण्याची टाकी थंडीत गोठू नये म्हणून पलंगाखाली घेतली. मी वैतागून म्हणायचे, "लग्नाच्या बायकोची एवढी चौकशी केली असतीत तर!" मला तिकडं फिरकायची बंदी होती. सगळं झाल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, अशी ताकीद.

एकदा मी कणीक मळत होते, तर हे मागून आले, टेप काढली आणि माझ्या कोपराच्या उंचीचं माप घेतलं. "त्या घरात पाट न्यायचा नाही," म्हणाले. आठवड्यानं ऐटीत सांगितलं की ओटा झाला, अमुक इंच. मी टेप भिंतीला लावून बघितली. परत छातीशीच!

"अहो, मी पाटावर उभी होते! पाटासकट मोजलंत!"

हे हसत सुटले ते पोट धरून खाली बसेपर्यंत. एवढी वर्षं गाड्यांचे सुटे भाग मोजणारा माणूस, आणि बायको मोजताना चुकला. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं ओटा तोडला. यांनी मला जमिनीवर, अनवाणी उभं करून पुन्हा माप घेतलं.

दुर्गापूजेची सुट्टी संपली त्या आठवड्यात, आवारात जायला म्हणून हे सकाळी बूट घालायला बसले आणि तसेच कलंडले. एक बूट पायात, एक हातात. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. डबा ओट्यावर भरलेला होता.

ट्रकचं करणार काय? मुलगी म्हणाली, "आई, चालवणार कोण?" खरंच होतं. मनाला पटलं नाही तरी खरंच होतं.

ट्रक विकत घ्यायला एक तरुण जोडपं आलं. त्यातली मुलगी गोड, उंच, माझ्यापेक्षा फूटभर तरी. आवारात मिस्त्रीनं ट्रकच्या पायऱ्या सोडल्या. पहिली पायरी इतकी खाली होती की मी कुणाचा हात न धरता चढले. मी आत गेले ती त्या दिवशी पहिल्यांदा. चपला दाराशी काढल्या, ओट्यापाशी उभी राहिले, हात टेकवले. कोपर बरोबर जागेवर आलं. पाय जमिनीवर. माझ्या उभ्या जन्मात असा ओटा मला मिळाला नव्हता.

तेवढ्यात ती मुलगी शेजारी वाकून बघत म्हणाली, "आंटी, ये तो बहुत नीचा है. कमर टूट जायेगी. ऊँचा हो जायेगा ना?"

तिचं काय चुकलं? तिला राबायचं होतं तिथं.

"हो जायेगा, बेटा," मी म्हटलं. मग मिस्त्रीकडे वळून हिंदीतच सांगितलं, "ओटा उंच करून द्या यांना. फक्त माप घेताना आधी पायाखाली बघा."

मिस्त्रीनं मान खाली घातली. पहिला ओटा त्यानंच तोडला होता. आणि मला रडू फुटलं ते आवरेचना. परक्या माणसांसमोर, दोन्ही हातांनी ओटा धरून, अनवाणी.