साहेबांची वांगी

मुलांनो, नोकरी टिकवायची तर साहेबांच्या पार्टीला जावंच लागतं, असं काल तुम्ही फोनवर म्हणालात. आज वांगं भाजताना त्याचा वास घरभर पसरला आणि खामगावची माझी पहिली नोकरी आठवली, म्हणून लिहिते आहे.

कापसाच्या कंपनीत आम्ही दोघी तात्पुरत्या टायपिस्ट होतो. कायम एकीलाच करणार होते. दर रविवारी अख्खं ऑफिस साहेबांच्या बंगल्यावर जवळच्या पिंपळगाव राजा या गावची नावाजलेली वांगी पोचवायचं. हेडक्लार्क मला म्हणाले, "बाई, तुमचं इंग्रजी पक्कं आहे, पण साहेबाले वांगी काऊन नाही नेत?"

शेवटी मीही पिशवी भरून गेले. मागच्या अंगणात साहेबांची म्हैस वांगी खात उभी होती. गडी म्हणाला, "ठेवा बाई. साहेबाले वांग्यानं खाज सुटते. सारं हिलेच जाते."

डिग्रीवाली माणसं वर्षानुवर्षं एका म्हशीची मर्जी राखत होती, आणि मीही त्यांच्याच रांगेत उभी होते. मला किळस आली. पिशवी तशीच घरी आणली आणि भरीत केलं.

महिनाअखेरीस दुसरी कायम झाली, मला काढलं. ती कापडी पिशवी अजून आहे. बाजारात मी आजही तीच नेते.