हार्मच्या डाव्या बुटातलं वर्तमानपत्र

वेंडरहुकच्या गावहॉलमध्ये कोट टांगायच्या खुंट्यांच्या वर भिंतीवर अकरा कागद चिकटवले होते. ते वाचता वाचता रुल्फिन डाइकेमाचा कोट टांगायचा राहूनच गेला. गुरुवारची सकाळ होती. ती हॉलची धुतलेली टेबलक्लॉथं द्यायला आली होती. द्यायची आणि निघायचं, एवढंच काम.

हॉलला पन्नास वर्षं झाली म्हणून शनिवारी दुपारी तीन वाजता 'दलदलीतला पाहुणा' दाखवणार होते. एक्याण्णव साली शहरातल्या चार पोरांनी या गावात नऊ दिवसांत उरकलेला भुताचा सिनेमा. पैसे आठ दिवसांचेच होते, नवव्या दिवशी सगळ्यांना रुल्फिनच्या घरचं वाटाण्याचं सूप प्यावं लागलं. पुढे कुणीतरी तो इंटरनेटवर टाकला आणि ज्यांना आयुष्यात दुसरं काम नाही अशा लोकांनी त्यावर मतं लिहिली. तीच मतं मोठ्या अक्षरांत छापून हॉलच्या समितीने भिंतीवर लावली होती. गंमत म्हणून!

"दोन तारे. दोन्ही गाईला."

"एक तास वीस मिनिटं. त्यातली शेवटची वीस बरी गेली, मला झोप लागली होती."

"भूत ज्या वेगाने येतं, तेवढ्या वेळात मी कॉफी करून, पिऊन, कप धुऊन, सायकलला हवा भरून पळालो असतो."

भूत म्हणजे हार्म. रुल्फिनचा धाकटा भाऊ. एकोणिसाव्या वर्षी बटाटे काढायच्या यंत्राने त्याच्या डाव्या पायाची बोटं नेली, आणि त्यानंतर तो जसा चालला तसाच मरेपर्यंत चालला. दोघांनीही लग्न केलं नाही. कालव्याकाठच्या आईबापाच्या घरात दोघं राहिली आणि दोन वर्षांपूर्वी हार्म गेला. आता त्याचं चालणं अख्ख्या गावाने कोट काढता काढता वाचायचं!

अकरावा कागद मात्र तिने तीनदा वाचला.

"अर्धा तारा, तोही मोठं मन करून. भुताचं लंगडणं साफ खोटं आहे. डाव्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून चाललं की माणूस असाच दिसतो. याला पुढे कुणी काम दिलं नाही, बरंच झालं. घरच्यांनीसुद्धा हा सिनेमा पाहिला नसणार."

खाली नाव नव्हतं, तारीख नव्हती. पण नावाची गरज कुणाला होती? बुटातले बोळे पडद्यावर दिसत नाहीत. भुताच्या पायातले ते बूट होते लामर्टचे, हार्मच्या जिवलग मित्राचे, आणि हा लामर्टच समितीचा अध्यक्ष. रुल्फिनच्या डोक्यात तिडीक गेली. स्टार्चच्या कारखान्यात पिशव्या भरायच्या खात्यात तिने एकतीस वर्षं काढली होती, आणि तोंड वाजवणारे दोन मुकादम सरळ केले होते. लामर्ट कोण लागून गेला? टेबलक्लॉथं तिने बाकावर आदळली आणि अकरावा कागद ओरबाडून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी लामर्टचा वाढदिवस होता. संडासात टांगलेल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर रुल्फिनच्याच अक्षरात ते लिहिलेलं होतं, आणि सकाळी तिथे बसल्या बसल्या तिने त्या नावाकडे असं पाहिलं की कागद जळायला हवा होता.

ती मुद्दाम उशिरा गेली. दिवाणखान्यात नेहमीसारख्या खुर्च्या गोल मांडलेल्या, चौदा माणसं मांडीवर बशा घेऊन बसलेली. पण गावच्या रीतीप्रमाणे वाढदिवसाच्या घरी कुणी कितीही पेटून आलेलं असो, आधी गोल फिरून प्रत्येकाचा हात हातात घ्यावाच लागतो. म्हणजे भांडायच्या आधी रुल्फिनला चौदा माणसांचं अभिनंदन करणं भाग होतं.

"यांतिन, नवऱ्याच्या वाढदिवसाचं अभिनंदन."

"तुझंही अभिनंदन गं."

"आजोबांच्या वाढदिवसाचं अभिनंदन. तुझंही. शेजाऱ्याच्या वाढदिवसाचं अभिनंदन." दात-ओठ खात ती एकेक हात हलवत गेली. लामर्टपाशी आली तेव्हा तिने हात दिला, पण तोंड उघडलं नाही.

"काय गं, आज माझ्याच वाट्याला काही नाही?" लामर्ट हसला.

"आणलंय ना तुझ्या वाट्याचं. आधी केक गिळ."

यांतिनने तिच्या हातात कॉफी आणि सफरचंदाच्या केकचा तुकडा दिला. खुर्ची मिळाली ती नेमकी लामर्टच्या समोर. एकदा त्या गोलात बसलं की चीजचे तुकडे फिरेपर्यंत उठता येत नाही, आणि चीज अजून स्वयंपाकघरात होतं. शेजारचा माणूस तिला कालव्याच्या पुलाच्या दुरुस्तीबद्दल सांगू लागला. रुल्फिनने कप बशीत इतक्या जोरात ठेवला की पूल तिथेच थांबला.

तिने खिशातून कागद काढला, चष्मा चढवला आणि अकरावं मत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. कारखान्यात यंत्रांच्या वर जाईल असा तिचा आवाज. दोघं जण हसले, आणि तिचं तोंड पाहून गप्प झाले.

"कुणी लिहिलं हे?" तिने विचारलं.

"रुल्फिन, अगं, ते कागद नुसती गंमत—"

"गंमत? माझ्या भावाची बोटं यंत्रात गेली, ती गंमत? तू होतास ना शेतात, त्याला खांद्यावर टाकून आणलंस ना? आणि आता लिहितोस, लंगडणं खोटं आहे! लाज कशी वाटली नाही रे मेल्या? चाळीस वर्षं आमच्या स्वयंपाकघरात बसून कॉफी ढोसलीस!"

"मी नाही लिहिलं."

"बूट कुणाचे होते?"

"बूट माझे होते. शेहेचाळीस मापाचे. हार्मने मागितले, मी दिले." लामर्टने बशी खाली ठेवली. "पण त्यात त्याने काय कोंबलं ते मला काय माहीत? ते नऊच्या नऊ दिवस मी बटाट्यांत होतो. सिनेमात बूट दिसतात, बोळे दिसतात का?"

"मग कुणाला माहीत होतं? बोळे करून द्यायची मी! रोज सकाळी मी कोंबायची, पाय सरकू नये म्हणून. ते फक्त मला ठाऊक आणि हार्म..."

तिने कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला.

यांतिन चीजची थाळी घेऊन दारात आली आणि तिथेच उभी राहिली.

"मला वाटलं तुला ठाऊक असेल," लामर्ट हळू आवाजात म्हणाला. "एका घरात राहत होतात. त्याने मला हॉलच्या बारवर दाखवलं होतं, गेला त्याच्या आदल्या हिवाळ्यात. म्हणाला, सगळे एवढे हसतायत, मग मी एकटा कशाला मागे राहू. बाकीच्यांपेक्षा मी चांगलं लिहिलंय की नाही सांग, म्हणाला. खरंच चांगलं होतं. म्हणून तर लावलं."

रुल्फिन कागदाकडे पाहत राहिली. *याला पुढे कुणी काम दिलं नाही, बरंच झालं.* त्या चार पोरांनी जाताना सांगितलं होतं, पुढच्या सिनेमातही तूच हवास, फोन करतो. दोन हिवाळे हार्म फोनच्या जवळच्या खुर्चीत बसायचा. विचारलं तर म्हणायचा, इथे ऊब लागते.

*घरच्यांनीसुद्धा हा सिनेमा पाहिला नसणार.*

नव्हताच पाहिला. सिनेमा पहिल्यांदा याच हॉलमध्ये दाखवला, तेव्हा हार्म इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा राहिला होता. "येतेस ना?" आणि ती म्हणाली होती, "लोकांनी आपल्याला हसावं ही हौस तुला असेल, मला नाही." तो एकटा गेला. परत आला तेव्हा तिने त्याचं जेवण झाकून ठेवलं होतं. कसा झाला, हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. पुढची तीस वर्षं दोघांनी बटाट्यांच्या भावाबद्दल बोलून काढली.

"गाढव," ती म्हणाली. "गाढव मेला! मला सांगता येत नव्हतं? समोर बसून, माझ्याच हातचं खाऊन, माझ्याबद्दल परक्या लोकांना लिहून कळवतो!" तिला हार्मचा इतका राग आला होता की तो समोर असता तर तिने त्याच्या थोबाडीत मारली असती. आणि तो समोर नव्हता, याचा तर त्याहून जास्त राग आला.

"कागद काढून टाकतो," लामर्ट म्हणाला. "सगळेच काढतो."

"हात लावशील तर खबरदार! हा होता तिथे चिकटव. आणि त्याच्या खाली एक कोरा लाव. माझं मत मी लिहीन."

"न पाहताच?" पुलवाल्या शेजाऱ्याने विचारलं.

"तुझ्यासारखी आहे का मी? पाहून लिहीन."

शनिवारी ती पावणेतीनला पहिल्या रांगेत जाऊन बसली, पर्स मांडीवर घेऊन. मागे साठ-सत्तर माणसं. बिअरचे ग्लास, खुर्च्यांची करकर, आणि हसायला तयार होऊन आलेली तोंडं. गाय आली तेव्हा टाळ्या पडल्या. रुल्फिनने ते चालवून घेतलं, गाय खरंच बरी होती.

मग दलदलीच्या पार टोकाला, धुक्यात, एक काळा ठिपका हलला. तो जवळ यायला लागला. उजवा पाय टाकायचा, डावा ओढून घ्यायचा. पडद्यावर अजून तोंडही दिसत नव्हतं, पण ती चाल रुल्फिनने आयुष्यभर अंगणातून घराकडे येताना ऐकली होती.

"चला, कॉफी टाका रे!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हॉल खिदळला.

रुल्फिन उठली. तिची भलीमोठी सावली पडद्यावर पडली आणि दलदल निम्मी झाकली गेली. ती मागे वळली. उजेड थेट तोंडावर येत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची तिला गरज वाटली नाही.

"ज्याला घाई असेल त्याने घरी जावं," ती म्हणाली. "माझा भाऊ येतोय. त्याला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागेल."

ती खाली बसली. मागच्याने बिअरचा ग्लास खुर्चीखाली ठेवला. हार्म त्याच्या पायाने चालत पडद्याच्या कडेपर्यंत आला, आणि तोवर सगळा हॉल त्याच्यासाठी थांबून राहिला.