मंदाताईचे हात

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिच्याजवळ माझ्या पोटात काही राहत नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. काय माहीत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पेणचा, नोकरी रोह्याच्या एका कंपनीच्या लहानशा लॅबमध्ये. काम एका एन्झाइमचं. पेशीच्या पडद्यावर काही प्रथिनं नांगर टाकल्यासारखी अडकून असतात. आमचं एन्झाइम तो नांगर तोडायचं, की प्रथिन सुटून पाण्यात यायचं. त्या पाण्यात रसायन घालायचं. पिवळं झालं, की प्रथिन सुटलं. हे समजायला मला आठवडा लागला होता. मंदाताईने एकदाच ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे होडीची दोरी कापायची. येवढंच ना, दादा?"

मंदाताई नळ्या धुवायची, मांडायची, एन्झाइमचे थेंब मोजून घालायची. पेणजवळच्या खाडीकाठची, मिठागरात राबणाऱ्या घरची. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या पगारावर. आम्ही एकाच गाडीने यायचो-जायचो, आणि तिच्या डब्यातली सुकट मी रोज बोटं चाटून खायचो — हे लक्षात असू द्या.

प्रत्येक चाचणीत एक नळी मेलेल्या एन्झाइमची ठेवायची, उकळून मारलेल्या. ती पिवळी होताच कामा नये. झाली तर बाकीच्या नळ्यांना अर्थ नाही. ते उकळणं माझं काम. दहा मिनिटं, खळखळत्या पाण्यात. एके दिवशी पाचची गाडी चुकेल म्हणून पाणी नुसतं गरम झालेलं असताना मी नळी बुडवली, काढली, 'उकळलेलं' अशी चिठ्ठी लावली आणि फ्रीजरमध्ये ठेवून पळालो. गाडी मिळाली. वडखळपर्यंत झोपलोसुद्धा.

रोजच्या चाचणीत थेंब त्याच साठ्यातले पडायचे, आणि मग तीन आठवडे मेलेल्या एन्झाइमची नळी पिवळी होत राहिली. रोज. कारण मला ठाऊक होतं का? पहिल्या दिवशी नव्हतं, असं म्हणता येईल. तिसऱ्या दिवशी होतं. पण तोवर वहीत माझी सही झाली होती — आणि मी गप्प राहिलो.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी मुंबईहून मोठे साहेब आले. सगळ्यांसमोर विचारलं, नळीत बाहेरचं काय जातंय? मी — कसं सांगू? — मी म्हणालो, मंदाताईच्या हातावरचं काहीतरी जात असेल. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण कुणीतरी हसलं आणि मला चेव आला. म्हणालो, "त्या हातांना सुकटीचा वास येतो, साहेब."

ती तिथेच उभी होती. आपल्या हातांकडे बघत राहिली.

त्यानंतर ती हात धुवायची. साबणाने, मग जंतुनाशकाने, मग पुन्हा साबणाने. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, रक्त यायला लागलं. डबा आणायची बंद झाली. गाडीत माझ्याच बाकावर बसायची, पण हात पदराखाली. नळी तरीही पिवळीच. पंधरा दिवसांनी तिला कामावरून काढलं. दुसऱ्याच दिवशी मी नवीन नळी नीट उकळली, चाचणी बरोबर आली. साहेब म्हणाले, बघ, हात बदलले. मी मान डोलावली.

एकदा बोललो असतो तर? साहेब ओरडले असते, फार तर. माझं एवढंच जाणार होतं.

काही वर्षांनी पेणजवळच्या जोह्याला, मूर्तिकारांच्या गावी, गणपती ठरवायला गेलो. कारखान्यात ओळीने मूर्ती, आणि एका मूर्तीचे डोळे रंगवत मंदाताई. नवरा गेला होता. बारीक कुंचला, हात जराही हलत नव्हता. मला बघून उठली. "दादा, बसा. उनातनं आलाव," म्हणाली.

कोपऱ्यातल्या बादलीवर जाऊन तिने हात धुतले. दोनदा. पेला भरला, पदराच्या टोकात धरला आणि माझ्या हातात न देता बाजूच्या पाटावर ठेवला.

"हात धुतलेत मी, दादा," ती म्हणाली.

मी पाणी प्यायलो. मूर्ती ठरवली आणि घरी आलो.