मेट्रनबाईंची चौथी शिफ्ट

वॉर्डात कोणी ‘आज शांत आहे’ म्हटलं, की आता गर्दी ओढवणार म्हणून मेट्रनबाई त्याला बेसिनपाशी नेऊन तोंड धुवायला लावत. डॉक्टरही सुटत नसत. घाटंजीच्या आमच्या दवाखान्यात देवापेक्षा बाईंचा धाक जास्त. देवाला निदान नवस चालतो.

बोंडअळीने कपाशी खायला घेतली, तशी फवारणी वाढली. बाजाराच्या दिवशी बाई खिडकीत उभ्या राहून रस्त्याने जाणाऱ्या पिशव्या बघत. प्रत्येकीत फवारणीच्या औषधाची बाटली. “आज नेऊन राह्यले, उद्या येतीन,” त्या म्हणत. दुसऱ्या दिवशी दुपारून फवारताना विष भिनलेली माणसं खरंच येत, तोंडाला फेस, डोळ्यांपुढे अंधारी. कपडे उतरवून साबणाने धुवायचं, उताऱ्याची सुई द्यायची, डोळ्यांच्या बाहुल्या बघत राहायचं. सुई अंगात भिनली की माणूस भ्रमात खाटेवरून उठून पळायला बघे. एकाला दोघी सिस्टर कमीच पडत.

त्याच हंगामात ड्यूट्या लावायचं सॉफ्टवेअर आलं. दवाखाना चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांनी कॉम्प्युटरला हार घातला. माऊसलाही कुंकू लागलं. तो दिवसभर अडखळत होता. मी ऑफिसातला, म्हणून सकाळ, दुपार, रात्र अशा शिफ्ट भरत बसलो. बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

“बाबू, चौथी टाक. नाव दे फवारणी. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुपारून दुप्पट पोरी.”

सॉफ्टवेअरने मुकाट्याने घेतलं. अध्यक्षांनी घेतलं नाही. पडद्यावर तो दिवस लाल दिसत होता.

“मॅडम, कॉम्प्युटर म्हणतो, सिस्टर जास्त होतात.”

“अजी, त्याले म्हणा, एक डाव पेशंट धरून पाह्य.”

अध्यक्ष मनापासून हसले आणि चौथी शिफ्ट काढवली.

पुढच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी बाईंची आठवड्याची सुट्टी होती. तरी आल्या. दुपारी ऑटोमागून ऑटो लागले. शिफ्टमध्ये दोघीच होत्या, त्या दारातच अडकल्या. एका तरुणाला बाईंनी छातीचा भार देऊन खाटेवर दाबून धरलं होतं. शेजारच्या खाटेकडे बघायला कोणी उरलं नव्हतं. त्या माणसाची बायको पदराने वारा घालत होती. ती हळूच म्हणाली, “बाई, हे झोपले काय?”

बाईंनी तरुणाला सोडून त्या माणसाची नाडी पाहिली, आणि तिचा वारा घालणारा हात धरला.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत दर हंगामात बाई बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी असूनही येत राहिल्या. सॉफ्टवेअरच्या लेखी त्या दिवशी त्या घरीच असत.

त्या निवृत्त झाल्यावर मी सॉफ्टवेअरमधून त्यांचं नाव काढलं. इतर दिवसांना सॉफ्टवेअरने बदली माणूस मागितला. बाजाराच्या दुसऱ्या दिवसांबद्दल काहीच विचारलं नाही. पडद्यावर तिथे एकही जागा रिकामी नव्हती.