रातपाळीचं रक्त

“किडनीच्या वर अ‍ॅड्रिनल नावाची ग्रंथी असते. तिच्यात गाठ असावी. तसं ठरलं तर पुण्याला ऑपरेशन,” नगरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले.

आमचे मालक साखर कारखान्यात बॉयलरवर. दिवाळीपासून त्यांची छाती धडधडायची, जेवण जायचं नाही. राग तर असा, की भाकरी जरा करपली की ताट भिरकावलंच! दुष्काळानं सगळीच माणसं चिडकी झालीत, तसेच हे, असं मला वाटायचं. कसलं काय!

डॉक्टरांनी समजावलं. कॉर्टिसॉल म्हणजे त्या ग्रंथीतून येणारं, शरीराला जागं ठेवणारं, ताणाला तोंड द्यायला लावणारं द्रव्य. रक्तात ते सकाळी जास्त असतं, संध्याकाळी कमी. यांचं नेमकं उलटं आलं होतं, म्हणून गाठीचा संशय. रात्री झोप लागते का, असं विचारलं तेव्हा हे म्हणाले होते, “रातीला कुठली झोप, साहेब!” डॉक्टरांनी तेही आजारातच धरलं.

यांना दाखल करून घेतलं. पुन्हा रक्त घ्यायला डॉक्टर सकाळी खाटेपाशी आले, तर हे खवळले. “ऐन झोपंच्या टायमाला सुई टोचाया येता व्हय?”

डॉक्टर थबकले. “सकाळी झोप?”

“मग रातपाळीवाल्यानं कवा झोपायचं?”

मी म्हटलं, “दुष्काळ पडल्यापासनं कायमची रातपाळी मागून घेतली हाय. दिवसा मी खडी फोडाया जाते, टँकरच्या रांगंला हेच उभे राहत्यात.”

“आधी का नाही सांगितलंत?”

काय सांगणार? आमच्या वसाहतीत अर्धी माणसं दिवसा झोपतात. तो काय आजार म्हणून सांगायचा?

डॉक्टरांनी सुई ठेवली. “आधी यांना रात्री झोपायची सवय लागू दे. मग रक्त घेऊ.”

ते दिवस कसे काढले, माझं मला माहीत. दुपारी यांना डुलकी आली की मी गदागदा हलवायची. हे मला शिव्या द्यायचे, मी देवाला. मग सकाळ-संध्याकाळचं रक्त तपासायला मुंबईला गेलं. रिपोर्ट येईना, तशी मी नर्सबाईंवरसुद्धा खेकसायला लागले.

शेवटी आला. सकाळी जास्त, संध्याकाळी कमी. म्हणजे गाठ नव्हती.

“ताण आणि अपुरी झोप. शरीराचं घड्याळच फिरलं होतं. रातपाळी सोडा,” डॉक्टर म्हणाले. खवळलेल्या पेशंटचंही त्यांनी ऐकून घेतलं, हे उपकार मी विसरणार नाही. तुम्हालाही सांगते, दवाखान्यात नुसतं कुठं दुखतं ते सांगू नका. दिवस कसा जातो तेही सांगा, कुणी विचारो न विचारो.

मी तिथंच बाकावर भोकाड पसरलं. हे गोंधळले. “आता रडतीस कशापायी? आन दिवसाचं पानी कोन भरायचं?”

“खडी सोडून मी भरीन. तुमी फकस्त रातीला घरी झोपा.”