घाटात विझलेले दिवे
जळक्या प्लास्टिकचा वास आला की मला आंबोली घाटातली ती दुपार आठवते. आईला घेऊन मी सावंतवाडीकडे उतरत होतो आणि धुकं इतकं दाट होतं की रस्त्याची कडही दिसेना. आदल्याच आठवड्यात मी गाडीच्या पुढच्या दिव्यांना बाजारातून आणलेले जास्त उजेडाचे बल्ब बसवले होते. वायरिंगला ते झेपणार नाहीत, असं मेकॅनिकने बजावलं होतं, पण मी ऐकलं नाही. एका वळणावर दोन्ही दिवे एकदम विझले आणि बॉनेटमधून धूर येऊ लागला. "काय जळता रे?" आईने घाबरून विचारलं. गाडी थांबवून आम्ही बाहेर पडतो तोच मागून एसटीचा हॉर्न ऐकू आला. मी काही करायच्या आत आई छत्री उघडून हलवत मागे धावली. "आये, बाजूक हो!" मी जिवाच्या आकांताने ओरडलो. बस तिच्यापासून दोन हातांवर येऊन थांबली. बॉनेट उघडलं, तर बल्बांचे होल्डर वितळले होते आणि वायरी काळ्या पडल्या होत्या. "असा कित्याक झाला रे?" आईने विचारलं. "गाडी जुनी झाली गो," मी म्हणालो. आता ती गाडी विकूनही झाली. आई अजून त्या गाडीलाच दोष देते आणि मी खाली मान घालून ऐकतो.