तीन नंबरचं चाक

कॅज्युअल्टीच्या दारात पेशंट आला की त्याला पहिला हात लागतो तो डॉक्टरांचा नव्हे आणि सिस्टरचाही नव्हे. तो लागतो मामांचा. बड्या मंडळींना हे सांगितलं तर ती हसतील, पण मामा सव्वीस वर्षं या एका गोष्टीवर ताठ मानेनं जगले. कागदोपत्री त्यांच्या पदाचं नाव वॉर्डबॉय. सत्तावन्नाव्या वर्षी कुणी बॉय म्हटलं की ते म्हणत, बरं वाटतं हो, घरी तर सगळे म्हातारा म्हणतात. स्ट्रेचर ढकलायला अक्कल लागत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा भरलेलं स्ट्रेचर, सलाईनची बाटली आणि रडणारे चार नातेवाईक घेऊन वरच्या मजल्याकडे जाणारा उतार चढून दाखवावा. मामा वळणावर पेशंटची मानसुद्धा हलू देत नसत. "वाट सोडा" हे दोन शब्द ते अशा आवाजात म्हणत की भलेभले साहेब भिंतीला चिकटून उभे राहत.

गेल्या वर्षी या मामांना तेलाचं वेड लागलं. दुपारच्या पाळीला येताना पिशवीत डब्याशेजारी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी असायची. आल्या आल्या ते पाचही स्ट्रेचरखाली वाकून चाकांत थेंब सोडायचे. मग व्हीलचेअर, मग औषधांची ट्रॉली, मग पडद्यांच्या दांड्या. घरी दारांच्या बिजागऱ्या झाल्या, पंखा झाला, शेजाऱ्यानं न सांगता त्याची सायकल झाली. बायको म्हणाली, आता या घरात कुरकुरणारे फक्त माझे गुडघे उरलेत, त्यांचंही बघा. सगळे हसले, मामाही हसले. पण ते वेड नव्हतं, ती भीती होती, आणि मामांनी कुणाला तिचा थांगपत्ता लागू दिला नव्हता.

झालं होतं असं. एका दुपारी मोटरसायकलवरून पडलेला एक तरुण आला. बाहेरून खरचटलेलं तेवढं दिसत होतं, पण पोटात आतून रक्त जात होतं. लिफ्ट बंद होती, म्हणून मामांनी त्याला उतारावरून वरच्या ऑपरेशन थिएटरकडे न्यायला घेतलं. हाताशी आलं तीन नंबरचं स्ट्रेचर. त्याचं पुढचं चाक आठवडाभर कुरकुरत होतं. आज तेल घालू, उद्या घालू असं म्हणता म्हणता राहून गेलं होतं. उतारावर ते चाक अडायला लागलं आणि अख्खा मजला ऐकेल असं किंचाळायला लागलं. तरुण शुद्धीवर होता. त्यानं मामांचं मनगट घट्ट धरलं होतं. तशातही हसून म्हणाला, "मामा, माझं राहू द्या, आधी या चाकाकडे बघा." मामांनाही हसू आलं. वरच्या दाराशी पोचेपर्यंत मनगटावरची पकड सुटली होती.

अर्ध्या मिनिटानं काही फरक पडला नसता, असं मोठ्या डॉक्टरांनी त्यांना दोनदा सांगितलं. मामांनी दोनदा मान हलवली. खाली दारात पुढचा पेशंट आलेला होता, म्हणून त्यांनी स्ट्रेचर धुतलं, नवी चादर घातली आणि ढकलायला घेतलं. तिथं बसून राहायची सोयच नसते. त्या संध्याकाळी त्यांनी कुपी विकत घेतली.

सगळं निभलंही असतं, पण नातीचं दप्तर आडवं आलं. मामांची लेक पलीकडच्या गल्लीत राहायची आणि औषधांच्या दुकानात सकाळच्या पाळीला असायची. त्यामुळे सात वर्षांच्या नातीला शाळेत सोडायचं काम आजोबांचं. चोवीस तासांतली ती वीस मिनिटं मामांना सगळ्यात प्यारी होती. नात अखंड बडबडायची, आणि हॉस्पिटलात ज्यांच्यापुढे कुणाचं चालत नसे ते मामा तिथं नुसते "हो ना", "खरंच की" करत चालायचे. दप्तर चाकांचं होतं. त्यालाही रोज तेल मिळायचं हे सांगायला नकोच.

एके सकाळी रस्त्याकडेला बांधकामाची वाळू पडलेली होती. चाकात खडा गेला आणि दप्तर किंचाळलं. अगदी तोच आवाज. मामांनी पोरीच्या हातातून दांडा घेतला, तिचा हात सोडला आणि "वाट सोडा, वाट सोडा" असं ओरडत दप्तर पुढे ढकलत सुटले. लोक बाजूला झाले. वळणावर त्यांनी दप्तराची वरची बाजू हातानं सांभाळली, मान हलू नये म्हणून. शाळेच्या फाटकाशी पोचल्यावर ते भानावर आले. समोर दप्तर होतं आणि नात नव्हती.

ती मागे चौकात, गाड्यांच्या गर्दीत, फुटपाथच्या कडेला उभी होती. एका भाजीवालीनं तिचा दंड धरून ठेवला होता. पोर रडतही नव्हती, नुसती बघत होती.

लेकीनं आदळआपट केली नाही. केली असती तर मामांना सोपं गेलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, उद्यापासून मी सोडेन तिला." मालकाच्या हातापाया पडून तिनं दुकानातली वेळ पुढे ढकलून घेतली. दुसऱ्या दिवशी मामा त्याच वेळी अंघोळ करून, चपला घालून दाराशी बसले. बायको चहाचा कप शेजारी ठेवून आत गेली.

हॉस्पिटलातल्या इनचार्ज सिस्टरला कुणी सांगायची गरज पडली नाही. पंधरा वर्षं एकत्र काम केलेल्या माणसाचा चेहरा तिला वाचता येत होता. तिनं दप्तराची गोष्ट त्यांच्या तोंडून काढून घेतली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मनाच्या डॉक्टरबाईंकडे जायला सांगितलं. मी काय वेडा आहे का, म्हणून मामा भडकले. सिस्टर म्हणाली, "मग मीपण वेडी. दर गुरुवारी मीही तिथंच जाते, मामा." नाकावर माशी बसू न देणारी ती बाई असं म्हणाली, तेव्हा मामा तिसऱ्या मजल्याकडे निघाले.

डॉक्टरबाई लेकीच्या वयाच्या. मामांनी त्यांना त्या दुपारची हकीकत सांगितली, आयुष्यात पहिल्यांदा, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. त्या म्हणाल्या, "ओझं उचलून उचलून पाठ धरते ना, तसं मन धरलंय तुमचं. पाठ धरल्याची लाज वाटते का? मग याचीही नको." मग त्यांनी पहिलं काम काय केलं, तर कुपी काढून स्वतःच्या खणात ठेवली. स्ट्रेचरचं तेलपाणी आता दुसरा माणूस बघेल, असं सिस्टरशी आधीच ठरलं होतं. दर आठवड्याला त्या अडगळीतली एक कुरकुरती व्हीलचेअर खोलीत फिरवायच्या आणि मामांनी खुर्चीत बसून ऐकायचं. पहिल्यांदा मामा दाराबाहेर पळाले. चौथ्यांदा घामानं भिजले, पण बसले. सातव्यांदा ते रडले, त्या पोरासाठी. वर्षभरात ते तेवढंच राहून गेलं होतं.

नवव्या आठवड्यात ते लेकीकडे गेले आणि म्हणाले, एकदा सोडू दे मला तिला. वाटलं तर तू मागून ये. लेकीनं डबा भरून झाकण लावलं. मग म्हणाली, "दहा पावलं मागे राहीन. पण येईन."

सकाळी नात खाली आली ती वाकडी होऊन. चाकांचं जड दप्तर तिनं दोन्ही हातांनी पोटाशी उचलून धरलं होतं आणि मान मागे टाकून चालत होती. मामांनी विचारलं, असं का?

"खाली ठेवलं की वाजतं," ती म्हणाली. "वाजलं की तुम्ही पळून जाता ना."

मामा तिच्यासमोर उकिडवे बसले. त्यांनी दप्तर तिच्या हातांतून घेऊन जमिनीवर ठेवलं, दांडा वर ओढून तिच्या मुठीत दिला आणि तिचा मोकळा हात आपल्या हातात घेतला.

"वाजू दे," ते म्हणाले.

ते वाजलंच. पहिल्या वळणापर्यंत तो उतार, ती चादर, ते हसणं सगळं पुन्हा आलं. पायांना पळायचं होतं. मामा पोरीच्या पायांकडे बघत तिच्या चालीनं चालत राहिले. ती शाळेतल्या बाईंच्या नव्या चष्म्याबद्दल सांगत होती. "हो ना," मामा म्हणाले. "खरंच की," म्हणाले. भाजीवालीनं पाहिलं, वाळूचा ढीग मागे पडला, आणि चाक सबंध रस्ताभर किंचाळत राहिलं.

फाटकापाशी घंटा वाजली. मुलं आत पळाली. नात मात्र तिथंच उभी राहिली, एकदा शाळेकडे आणि एकदा वर आजोबांच्या तोंडाकडे बघत.

"आजोबा," ती शेवटी हळूच म्हणाली, "आता हात सोडा ना."